पहिल्या नोकरीसाठी रेझ्युमे: कुठूनच कॉल येत नाही, काय बदलू?

ताणाबाणा | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी या वर्षी मेकॅनिकलमधून बीई झालो. कॉलेज सोलापूर जिल्ह्यातलं. सीजीपीए ७.१. दुसऱ्या वर्षी एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) अडकला आणि इयर डाउन लागला, त्यामुळे एक वर्ष जास्त गेलं. कॅम्पसला ज्या थोड्याफार कंपन्या आल्या त्या सॉफ्टवेअरच्या नाहीतर सेल्सच्या. मला शॉप फ्लोअरवरच काम करायचंय, क्वालिटी किंवा मेंटेनन्स. चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठेही राहायची तयारी आहे.

रोज पोर्टलवरून अर्ज टाकतोय. नकारसुद्धा येत नाही, काहीच येत नाही. रेझ्युमे इंग्रजीत आहे, पण इथे मराठीत उतरवतो:

उद्दिष्ट: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःच्या व कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे.
शिक्षण: दहावी ८४ टक्के, बारावी ६८ टक्के, बीई ७.१.
प्रोजेक्ट: सौर ऊर्जेवर चालणारा फवारणी पंप.
ट्रेनिंग: गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) इन-प्लांट ट्रेनिंग.
सॉफ्टवेअर: ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, अॅन्सिस, एमएस ऑफिस.
गुण: मेहनती, लवकर शिकणारा, टीममध्ये काम करणारा.
छंद: वाचन, क्रिकेट, गाणी ऐकणे.
शेवटी वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक, "वरील माहिती खरी आहे" आणि सही. एकूण दोन पानं.

काय काढू, काय घालू? मोकळेपणाने सांगा.

खटपट्या | सोमवार, रात्री १०.५२

रेझ्युमेवर एवढा वेळ घालवू नकोस रे. पहिली नोकरी ओळखीने लागते. गावातला, कॉलेजातला जो कुणी चाकणला असेल त्याला फोन लाव.

शिरीषफूल | सोमवार, रात्री ११.१५

मी पिंपरीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे. खटपट्या, ओळखीने आलेला रेझ्युमेसुद्धा शेवटी माझ्याच टेबलावर येतो आणि मला तो क्वालिटीच्या साहेबांसमोर ठेवावा लागतो. त्यांनी "यात आहे काय?" विचारलं तर मी काय सांगू?

ताणाबाणा, सगळ्यात आधी आधार क्रमांक काढ. आजच. पोर्टलवर टाकलेला रेझ्युमे कुणाकुणाकडे जातो याचा पत्ता लागत नाही. धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, घोषणापत्र, सही, सगळं जाऊ दे. निवड झाल्यावर आमचा जॉइनिंग फॉर्म असतोच, त्यात हे सगळं भरून घेतो.

उद्दिष्टही काढ. हेच वाक्य मी रोज वाचते. त्या जागी एकच ओळ: "बीई मेकॅनिकल, २०२५, क्वालिटी किंवा मेंटेनन्समध्ये ट्रेनी म्हणून काम हवं, पुणे परिसरात लगेच रुजू होऊ शकतो." मला पहिल्या नजरेत एवढंच हवं असतं: कोण, कशासाठी, कधीपासून.

निवांतपाटील | सोमवार, रात्री ११.२०

छंदात "गाणी ऐकणे" लिहिलेल्या एका पोराला आमच्या पॅनलने "मग एक म्हण की" सांगितलं होतं. त्यानेही न लाजता कडक म्हटलं. घेतला त्याला!

चाकणकर | मंगळवार, सकाळी ७.१०

नाइट शिफ्ट उरकून आलोय, जरा सविस्तर लिहितो. बरीच वर्षं क्वालिटीत आहे, ट्रेनी मुलांच्या मुलाखती घेतो.

तुझ्या रेझ्युमेत खोटं काही नाही, पण मला प्रश्न विचारायला जागाच नाही. "कॅटिया" लिहिलंयस. कशाचं मॉडेल केलंस? "मेहनती" यावर मी काय विचारणार? कागदावरची प्रत्येक ओळ अशी हवी की तिच्यावर दहा मिनिटं बोलता येईल. ज्या ओळीवर बोलता येत नाही ती काढून टाक. पाच सॉफ्टवेअरपैकी खरंच किती येतात?

आम्ही काय करतो ते सांगतो. एक बुश (नळीसारखा धातूचा पार्ट) देतो, ड्रॉइंग देतो, समोर व्हर्नियर ठेवतो. ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटर, टॉलरन्स (चालणारा फरक) एच७. बहुतेक मुलं लगेच व्हर्नियर उचलतात, आकडा वाचतात, "ओके आहे सर". आता २५ ला एच७ म्हणजे वर २१ मायक्रॉन, खाली शून्य. व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. अख्खी टॉलरन्स त्या एका रेघेत संपली. जो मुलगा व्हर्नियर खाली ठेवून "सर, याला बोअर गेज किंवा प्लग गेज लागेल" म्हणतो, त्याचे मार्क मी बघतसुद्धा नाही.

त्यामुळे तुझ्या हाताने काय मोजलंस, काय खोललंस, काय जोडलंस ते लिही. फाउंड्रीत काय केलं ते इथे सांग, मग पुढचं बोलू.

मुळाक्षर | मंगळवार, सकाळी ९.०५

चाकणकरांना पूर्ण अनुमोदन. मी इंग्रजी शिकवते. मराठी माध्यमाची मुलं रेझ्युमेत बिचकून मोठे मोठे शब्द घालतात, आणि हल्ली तर एआयकडून लिहून घेतात. मग रेझ्युमेत जे इंग्रजी असतं ते मुलाखतीत तोंडून येत नाही, आणि समोरच्याला ते तिथल्या तिथे कळतं. साधं इंग्रजी वापर. वाक्याची सुरुवात क्रियापदाने: मोजलं, दुरुस्त केलं, तपासलं, नोंद ठेवली. एवढी दहा-बारा क्रियापदं पुरतात.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ९.३०

एआय का नको? स्पेलिंग तरी नीट येतं.

मुळाक्षर | मंगळवार, सकाळी ९.४१

स्पेलिंग तपासायला जरूर वापरावं. पण त्याने न केलेलं काम केलं म्हणून घातलं आणि पोराने न वाचता तसंच पाठवलं, तर ते त्याच्याच अंगाशी येणार. एका विद्यार्थ्याच्या रेझ्युमेत "दहा जणांच्या टीमचं नेतृत्व" आलं होतं. प्रोजेक्टला ते दोघेच होते.

ताणाबाणा | मंगळवार, दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार. आधार काढला.

चाकणकर सर, फाउंड्रीत मला सँड लॅबला बसवलं होतं. सकाळी साच्याच्या वाळूचं सँपल आणायचं, मॉइश्चर, पर्मिअॅबिलिटी (वाळूतून हवा किती जाते), ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) काढायची आणि रजिस्टरला लिहायचं. दुपारी फेटलिंगला (ओतलेले पीस साफ करतात तिथे) जाऊन रिजेक्शनचे पीस वेगळे करायचो. सॉफ्टवेअरमध्ये ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स बऱ्यापैकी येतात. बाकीची कॉलेजात एकदा उघडली होती.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २.००

सांगलीहून. हयात फाउंड्रीत गेली, आता निवृत्त आहे. बाळा, मॉइश्चर किती यायचं? आणि वाढलं की पीसला काय व्हायचं?

ताणाबाणा | मंगळवार, दुपारी २.१५

काका, साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवायचे. चारच्या वर गेलं की ब्लो होल (पीसमध्ये वायूने पडणारी भोकं) वाढायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन दिवस फार त्रास झाला होता, तेव्हा सुपरवायझरने माझं रजिस्टर मागवून घेतलं होतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २.३१

मग एवढं हातचं काम "इन-प्लांट ट्रेनिंग" या दोन शब्दांत का गुंडाळलंस! असं लिही: "ग्रीन सँडचं मॉइश्चर, पर्मिअॅबिलिटी व ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ रोज तपासून नोंद ठेवली, ब्लो होलचं रिजेक्शन व वाळूचं मॉइश्चर यांचा संबंध रजिस्टरवरून पाहिला." कोल्हापूर, सांगली, सातारा, कुठल्याही फाउंड्रीतला माणूस हे वाचून तुला बोलावेल. तू फक्त पुण्याकडेच का बघतोयस? कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली आहे की.

पिंपळपान | मंगळवार, दुपारी ३.१०

माझा थोडा वेगळा मुद्दा. इयर डाउनचं काय? माझ्या भावाला "वर्षं लिहूच नकोस, नुसते मार्क लिही" असा सल्ला मिळाला होता.

शिरीषफूल | मंगळवार, दुपारी ३.४०

वर्ष लपवलं की मी आधी तेच शोधते. बारावीचं साल आणि पदवीचं साल सरळ लिहावं. विचारलं तर एका वाक्यात सांगावं: "एम-थ्री राहिला होता, पुढच्या परीक्षेत सुटला." लांबण लावू नये. त्या मोकळ्या वर्षात काही काम केलं असेल तर ते मात्र जरूर लिहावं. ताणाबाणा, त्या वर्षात काय करत होतास?

ताणाबाणा | मंगळवार, दुपारी ४.०२

विशेष काही नाही. घरीच होतो.

चाकणकर | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

थांब. तुझं सदस्यनाम ताणाबाणा, गाव सोलापूर. घरी माग आहेत का?

ताणाबाणा | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

हो, काकांचा टॉवेलचा कारखाना आहे, आठ पॉवरलूम. त्या वर्षी तिथेच होतो, पण ते घरचं काम, त्याचं सर्टिफिकेट वगैरे काही नाही. जॉबर (माग दुरुस्त करणारा) गावी गेला की मीच माग बघायचो. धोटा (आडवा धागा नेणारा) उडायला लागला की पिकर (धोट्याला धक्का देणारा तुकडा) झिजलाय का, पिकिंगचं टायमिंग हललंय का, ते बघायचं. ताण्याचे धागे एकाच जागी तुटत असले तर फणी तपासायची. कुठला माग कशामुळे बंद पडला हे मी वहीत लिहून ठेवायचो, कारण काका रोज विचारायचे आणि माझ्या लक्षात राहायचं नाही. वहीत बघितलं तर तीन नंबरचा माग सारखा एकाच कारणाने थांबत होता. मग त्याचा पिकर आणि पिकिंग स्टिक दोन्ही बदलले.

चाकणकर | मंगळवार, संध्याकाळी ७.४४

अरे!!! आणि हे "विशेष काही नाही"?

बंद पडण्याची नोंद ठेवणं, नोंदीवरून वारंवार येणारं कारण काढणं, त्यावर उपाय करणं, पुन्हा नोंद बघणं. आम्ही कंपनीत ट्रेनिंग देऊन लोकांना हेच शिकवतो. ब्रेकडाउन अॅनालिसिस म्हणतात याला. मेंटेनन्सला अर्ज करणाऱ्या किती फ्रेशर्सनी चालू मशीनला हात लावलेला असतो? रेझ्युमेत शिक्षणाच्या लगेच खाली हेच येऊ दे.

खटपट्या | मंगळवार, संध्याकाळी ७.५०

एक आयडिया. काकांच्या लेटरहेडवर एक वर्षाचं एक्स्पीरियन्स लेटर घे, "मेंटेनन्स इंजिनिअर" म्हणून. काम तर केलंच आहे.

शिरीषफूल | मंगळवार, रात्री ८.२०

खटपट्या, नको. तो तेव्हा इंजिनिअर नव्हता, पगारावर नव्हता. पडताळणी करणारे पगाराच्या स्लिपा मागतात, पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागतात. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, त्यात कुठे कधी काम केलं ते दिसतं. खोटा अनुभव दाखवलेली मुलं रुजू झाल्यावर कामावरून काढलेली मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

खरं तेच लिहायचं आणि नाव खरं द्यायचं: "कौटुंबिक पॉवरलूम कारखान्यात मशीन देखभाल, पदवीच्या काळात". काकांनी साध्या कागदावर "याने या काळात माझ्या कारखान्यात देखभालीला मदत केली" लिहून दिलं तर ते खरंच आहे, ते घ्यायला हरकत नाही.

खटपट्या | मंगळवार, रात्री ८.२८

पटलं. मागे घेतो.

ताणाबाणा | मंगळवार, रात्री ९.००

शिरीषफूल ताई, खरं सांगायचं तर कॉलेजात मागाचं कुणाला सांगायचोच नाही. पुण्याच्या कंपनीला पॉवरलूमचं काय कौतुक असणार असं वाटायचं.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.१२

लाजण्यासारखं काय आहे त्यात? कॅम, क्रँक, बेअरिंग, क्लच, टायमिंग सगळं त्याच मागात आहे. मुलाखतीत बिनधास्त सांग, आणि सांगताना धोट्याला धोटाच म्हण. समोरच्याने विचारलं तर कागदावर चित्र काढून दाखव.

रसायनी | मंगळवार, रात्री ९.४०

धागा थोडा वळवते, माफ करा. मी बीएस्सी केमिस्ट्री, महाडची. मला क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये जायचंय. आमच्याकडे माग नाहीत आणि फाउंड्रीही नाही. कॉलेजात एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लांबून दाखवलं, हात लावू दिला नाही. मग मी काय लिहू?

मांडवी | मंगळवार, रात्री १०.०५

मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्यूसीला आहे. रसायनी, एचपीएलसी "येतं" असं लिहू नकोस, "तत्त्व माहीत आहे" लिही. ते आम्ही शिकवतो. पण टायट्रेशन हाताने केलंयस ना? सोल्यूशन स्टँडर्डाइझ केलंयस ना? पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरने कॅलिब्रेट केलाय? ब्युरेटचं रीडिंग घेताना डोळा कुठे ठेवायचा माहीत आहे? तेच लिही. आणि एक गोष्ट जी बहुतेक फ्रेशर लिहीत नाहीत: जर्नलमध्ये चुकलेला आकडा कसा खोडायचा. आमच्याकडे एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर लावला तर ऑडिटमध्ये गहजब होतो. नोंदी कशा ठेवायच्या हे माहीत असलेल्या मुलीला आम्ही आधी बोलावतो.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री १०.३०

कॉमर्सवाल्यांसाठीही हेच. "टॅली येते" सगळेच लिहितात. त्यापेक्षा "एका दुकानाच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅलीत केल्या, बँक रिकन्सिलिएशन केलं, खरेदीची बिलं जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) शी जुळवून पाहिली" असं लिहिलेला मुलगा मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला बोलावतो. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० ला ३बी (कर भरायचा रिटर्न), या दोन तारखांच्या आधी आमच्याकडे काय धावपळ असते ते त्याला ठाऊक असतं. गावातल्या एखाद्या कर सल्लागाराकडे दोन-तीन महिने बसलात तरी एवढं शिकून होतं.

श्टुटगार्टकर | बुधवार, पहाटे २.१५

फोटोबद्दल कुणी बोललं नाही. इकडे जर्मनीत रेझ्युमेवर फोटो लावायची जुनी पद्धत आहे. २००६ मध्ये भेदभावविरोधी कायदा आला तेव्हापासून कंपन्या फोटोची सक्ती करत नाहीत, तरी बरेच जण लावतात. भारतात काय चालतं आता?

शिरीषफूल | बुधवार, सकाळी ८.५०

आमच्याकडे गरज नाही. फोटोमुळे मांडणी मात्र बिघडते. पोर्टल आणि मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर वाचून रकाने भरतात. दोन कॉलम, चौकटी, तक्ते, रंगीत पट्ट्या असल्या की वाचताना गोंधळ होतो. स्कॅन करून पाठवलेला रेझ्युमे म्हणजे तर नुसतं चित्र. साधी एका कॉलमची मांडणी, एक पान, पीडीएफ. फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि शाखा. "रेझ्युमे फायनल न्यू २" नावाच्या फाइली माझ्या डाउनलोडमध्ये ढिगाने पडल्यात, त्या कुणाच्या हे उघडल्याशिवाय कळत नाही.

चाकणकर | बुधवार, सकाळी ९.२०

एका पानाबद्दल माझं ताईंशी थोडं वेगळं मत आहे. हातचं काम असेल तर दीड पान झालं तरी मी वाचतो. पण फ्रेशरकडे बहुतेक वेळा दुसरं पान भरायला जन्मतारीख आणि छंदच असतात, म्हणून एका पानात बसव.

खटपट्या | बुधवार, सकाळी १०.०५

आता माझ्याकडूनही एक कामाचं सांगतो. अप्रेंटिसशिप का नाही बघत? पदवीधरांसाठी केंद्राची एनएटीएस (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) आहे, एक वर्ष, नंतर प्रमाणपत्र. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं, बऱ्याच कंपन्या वर देतात. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे, आणि ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे जागा निघतातच.

पिंपळपान | बुधवार, सकाळी १०.२२

९,००० मध्ये चाकणला कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून हातात काय उरणार? आमच्या घरी भावाला दर महिन्याला पैसे पाठवावे लागले. ज्यांना घरून काही मिळू शकत नाही त्यांनी काय करायचं? इंजिनिअर मुलांकडून वर्षभर ऑपरेटरचं काम करून घेतात आणि नंतर पुढची बॅच आणतात, हेही लिहायला हवं.

चाकणकर | बुधवार, दुपारी १२.४०

पिंपळपान, बरोबर आहे तुमचं, असं होतं. म्हणून रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: कुठल्या खात्यात ठेवणार, कँटीन आणि बस आहे का, आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांना पुढे घेतलं. तिसरा प्रश्न एचआरला विचारण्यापेक्षा गेटबाहेर चहाच्या टपरीवर आधीच्या बॅचच्या पोरांना विचारावा, खरं उत्तर मिळतं. घराजवळ मिळाली तर आणखी बरं, सोलापुरात चिंचोळी एमआयडीसी आहेच.

शिरीषफूल | बुधवार, दुपारी १.०५

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये होते. आत्ताच्या अटी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचार.

आणि एक कळकळीचं सांगणं, सगळ्यांनाच. "रजिस्ट्रेशन फी", "सिक्युरिटी डिपॉझिट", "युनिफॉर्मचे पैसे", कुठल्याही नावाखाली नोकरीसाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवून द्या. मुलं घरून पैसे मागवून भरतात आणि ऑफर लेटर घेऊन आमच्या गेटवर येतात. आमच्या कंपनीच्या नावाचं खोटं लेटर असतं. सिक्युरिटीवाला त्यांना परत पाठवतो तेव्हा काही जण तिथेच बसून राहतात.

निवांतपाटील | बुधवार, दुपारी १.३०

हे फार वाढलंय. आमच्या भागातले दोघे फसलेत. पोलिसात तक्रार करायलाही घाबरत होते, सोबत जावं लागलं. सायबरसाठी १९३० हा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या लावायचा.

ताणाबाणा | बुधवार, रात्री ९.१५

दिवसभर बसून नवीन लिहिला. पुन्हा मराठीत उतरवतोय, बघा जरा:

बीई मेकॅनिकल, २०२५, सीजीपीए ७.१. मेंटेनन्स किंवा क्वालिटीत ट्रेनी. पुणे, कोल्हापूर, सोलापूर. लगेच रुजू होऊ शकतो.

मशीन देखभाल, कौटुंबिक पॉवरलूम कारखाना, सोलापूर: आठ मागांच्या बंद पडण्याची कारणानुसार नोंद ठेवली. सर्वात जास्त थांबणाऱ्या मागाचं वारंवार येणारं कारण शोधून पिकर व पिकिंग स्टिक बदलली. पिकिंगचं टायमिंग लावणं, फणी तपासणं व बदलणं, तेल-ग्रीसचं वेळापत्रक.

इन-प्लांट ट्रेनिंग, ग्रे आयर्न फाउंड्री, गोकुळ शिरगाव: कृष्णाकाठ काकांनी सांगितलेलं तसंच.

प्रोजेक्ट, सौर फवारणी पंप: चार जणांचा गट. माझं काम फ्रेमचं सॉलिडवर्क्स मॉडेल, कटिंग-वेल्डिंग आणि नोझलचा डिस्चार्ज मोजणं.

मोजमाप: व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज. सॉफ्टवेअर: ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, एक्सेल.
शिक्षण सालांसह. भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड बोलता येते.

एका पानात बसला. एक प्रश्न: माग बंद पडणं किती टक्क्यांनी कमी झालं हे लिहू का? सगळीकडे लिहिलेलं असतं की आकडे हवेत.

चाकणकर | बुधवार, रात्री ९.४०

वही आहे ना? वहीतून मोज. बदलाच्या आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना, त्या मागाच्या बंद पडण्याच्या नोंदी मोज आणि जो आकडा येईल तो लिही. वहीत नसेल तर टक्केवारी अजिबात घालू नकोस. आणि मुलाखतीला ती वही घेऊन जा. फाइलमधल्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या आधी ती टेबलावर ठेव.

कन्नडचं बरं लिहिलंस. चाकण-भोसरीला कर्नाटकातले बरेच ऑपरेटर असतात.

ताणाबाणा | बुधवार, रात्री ९.५५

वही आहे. काकूने रद्दीत घातली होती, काढून आणली. तेलाचे डाग पडलेत, चालेल का?

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०.०१

तेलाचे डाग असलेलीच ने!

मुळाक्षर | बुधवार, रात्री १०.१०

इंग्रजी मसुदा मला व्यक्तिगत निरोपात पाठव, तपासून देते. आणि प्रत्येक ओळीवर दोन-दोन मिनिटं इंग्रजीत मोठ्याने बोलायचा सराव कर, आरशासमोर नको, मित्रासमोर. अडलं तर मध्ये मराठीत बोललास तरी चालेल, पण थांबू नकोस.

शिरीषफूल | गुरुवार, सकाळी ९.००

पीडीएफ झाली की एक चाचणी कर. फाइल उघडून सगळा मजकूर निवड, कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये चिकटव. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तेच सॉफ्टवेअरला दिसतं.

ताणाबाणा | गुरुवार, दुपारी १२.२०

ताई, करून बघितलं. नाव आणि फोन नंबरच आला नाही! टेम्प्लेटमध्ये ते चौकटीत चित्रासारखं होतं. बाकी सगळं नीट आलं.

शिरीषफूल | गुरुवार, दुपारी १२.४५

बघ. आधीचाही त्याच टेम्प्लेटमध्ये असेल तर कितीतरी ठिकाणी तुला फोन करायला नंबरच पोचला नसेल. टेम्प्लेट सोड, कोऱ्या पानावर टाइप कर. नाव, फोन, ईमेल सर्वात वर, साध्या अक्षरांत. मग पोर्टलवर नवीन फाइल चढव आणि प्रोफाइलमधला नंबरही तपास.

ताणाबाणा | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

झालं. पोर्टलवर बदलला. मुळाक्षर मॅडमनी इंग्रजी तपासून दिलं. चाकणकर सर, कृष्णाकाठ काका, तुम्हाला निरोपातून पाठवलाय. एनएटीएसलाही नोंदणी केली. कागलच्या दोन फाउंड्रींची नावं काकांनी दिलीत, तिथे सोमवारी स्वतः जाऊन देतो.

कृष्णाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ७.०५

सकाळी नऊच्या आत गेटवर पोच. मेल्टिंग सुरू झालं की कुणी भेटत नाही. सेफ्टी शूज असतील तर घालून जा, आत न्यायचं ठरलं तर अडणार नाही.

रसायनी | गुरुवार, रात्री ९.१०

मांडवी ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मीही नवीन लिहायला घेतलाय. उद्या इथेच टाकू का, की वेगळा धागा काढू?

मांडवी | गुरुवार, रात्री ९.२५

वेगळा काढ, म्हणजे केमिस्ट्रीवाल्यांना सापडेल. फोन नंबर आणि पत्ता काढून टाक, आणि लॅबमध्ये कोणकोणती प्रॅक्टिकल्स स्वतः केलीस ती सगळी लिही, निवडायचं आपण मिळून बघू.